साठ फ्रेमचा चित्रगुप्त

गेम खेळणारा कोण आणि गेम रेकॉर्ड करणारा कोण, हे दारातूनच कळतं. खेळणारा खुर्चीत पुढे सरकून, पडद्याला नाक लावून बसलेला असतो. रेकॉर्ड करणारा समोर बघतच नाही. त्याची मान डावीकडे वळलेली असते, कारण डावीकडे दुसरा मॉनिटर असतो आणि त्यावर ओबीएस नावाच्या सॉफ्टवेअरची एक चौकट उघडी असते. चौकटीत तीन-चार आकडे. समोर चार बंदूकधारी चाल करून आलेले, याच्या सैनिकात धुगधुगी तेवढी राहिलेली, आणि हा डावीकडे बघत म्हणतो, "शून्य! एकसुद्धा फ्रेम गळली नाही!" तेवढ्यात सैनिक मरतो. याच्या चेहऱ्यावर समाधान. मेला तर मेला, साठच्या साठ फ्रेममध्ये मेला.

या माणसाला मी चित्रगुप्त म्हणतो. यमाच्या कचेरीतला चित्रगुप्त दुसऱ्यांच्या पापपुण्याची नोंद ठेवतो, हा स्वतःच्याच मरणांची ठेवतो, आणि तीही फुल एचडीत. शिवाय यमाकडच्या चित्रगुप्ताला वही शेवटी कोणापुढे उघडायची ते ठाऊक आहे.

हा प्राणी पुण्यात आढळतो, डोंबिवलीत आढळतो, नाशिक-कोल्हापूरकडेही त्याची पैदास चांगली आहे. वय सोळा ते चाळीस. सोळाव्या वर्षी घरचे म्हणतात, लहान आहे. पंचविशीत म्हणतात, नोकरी लागली की सुटेल. चाळिशीत घरचे काही म्हणत नाहीत, बायको म्हणते.

चाळिशीतले हे ज्येष्ठ फ्रॅप्सच्या काळातले. फ्रॅप्स हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर १९९९ साली आलं. फुकटच्या आवृत्तीत फक्त ३० सेकंद रेकॉर्ड व्हायचं आणि चित्राच्या माथ्यावर त्यांच्या संकेतस्थळाचा पत्ता छापून यायचा. त्यामुळे या पिढीचे सगळे पराक्रम अर्ध्या मिनिटाचे आहेत. जीटीए वाइस सिटी या गेममध्ये खेळण्यातलं हेलिकॉप्टर उडवून बांधकामावर बॉम्ब ठेवायचं एक मिशन होतं. अख्ख्या महाराष्ट्रातल्या सायबर कॅफेंत त्या मिशनने पोरांना रडवलं. आमच्या ओळखीच्या एका ज्येष्ठाने ते पूर्ण केलं, पण शेवटचा बॉम्ब पडला तो एकतिसाव्या सेकंदाला. अजून कोणी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. पुढे त्याने पूर्ण आवृत्ती मिळवली (कुठून, ते विचारू नये). तेव्हा कळलं की फ्रॅप्सच्या फायली म्हणजे हत्ती पोसायचंच काम. ऐंशी जीबीची हार्ड डिस्क संध्याकाळपर्यंत भरायची. मग जागा करण्यासाठी ताईच्या लग्नाचे फोटो 'सीडीवर आहेतच ना' म्हणून उडवले गेले. सीडीवर नव्हते. ताई अजून भाऊबीजेला तो विषय काढते.

नंतरच्यांचं नशीब बरं. २०१२ साली ओबीएस आलं, तेही फुकट आणि सगळ्यांना खुलं. त्याच वर्षी एनव्हिडियाने आपल्या ग्राफिक्स कार्डांत व्हिडिओ दाबून बसवण्यासाठी वेगळा भाग घालायला सुरुवात केली, म्हणजे खेळाचं ओझं एकीकडे आणि रेकॉर्डिंगचं दुसरीकडे. पुढच्या वर्षी त्यांचंच रेकॉर्डिंगचं शॅडोप्ले आलं. त्यात एक बटण दाबलं की होऊन गेलेली मिनिटं जपली जातात, थेट वीस मिनिटं मागपर्यंत. पश्चातबुद्धीचा प्रत्यक्ष उपयोग झालेलं माझ्या पाहण्यातलं हे एकमेव उदाहरण.

आता कोणालाही वाटेल की एवढं सगळं आयतं झाल्यावर पोरगा बटण दाबेल, खेळेल आणि झोपेल. इथेच आपण चित्रगुप्ताला ओळखलेलं नसतं.

आमच्या इमारतीतल्या चित्रगुप्ताचे वडील बँकेतून निवृत्त झालेले आहेत, त्यामुळे आकडेमोड त्यांना समजते. मुलाने तिसरी हार्ड डिस्क मागितली तेव्हा त्यांनी रीतसर बैठक घेतली. मीही चहाला होतो.

"एवढी जागा लागते कशाला?"

"बाबा, एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८० ठिपके. म्हणजे वीस लाखांवर. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट. झाले बासष्ट लाख बाइट. अशा सेकंदाला साठ फ्रेम."

वडिलांनी वर्तमानपत्राच्या समासात गुणाकार केला. "सेकंदाला सदतीस कोटी?"

"हो. तासाला साधारण एक पूर्णांक एक तृतीयांश टीबी. म्हणून तर दाबायचं. एन्कोडर काय करतो, आधीच्या फ्रेममध्ये जे होतं तेच पुढच्या फ्रेममध्ये असेल तर ते पुन्हा लिहीतच नाही. बदललं तेवढंच लिहितो. मग पन्नास एमबीपीएसला तासाचे साडेबावीस जीबीच होतात."

"म्हणजे भिंत तीच असेल तर भिंत पुन्हा काढायची नाही."

"अगदी बरोबर."

"मग आपल्या घराचं रेकॉर्डिंग एका फ्लॉपीत मावेल," वडील म्हणाले. "पंधरा वर्षांत रंगसुद्धा बदललेला नाही."

रंगाच्या पैशांचं काय झालं हे त्या खोलीत सर्वांना माहीत होतं. ते टेबलाखाली काचेच्या पेटीत, लाल-निळे दिवे लावून बसलं होतं. ते ग्राफिक्स कार्ड आणायला बापलेक एकदा तपकीर गल्लीत जाऊन आले, मग भाव पटेना म्हणून मुंबईला लॅमिंग्टन रोडलाही जाऊन आले. हे कार्ड गेमच्या सेकंदाला एकशे चाळीस फ्रेम काढतं, असं मुलाने वडिलांना गाडीत समजावलं होतं. घरी आल्यावर पहिल्यांदा त्याने काय केलं, तर सेटिंगमध्ये जाऊन गेमला साठवर लगाम घातला. कारण गेमने कार्ड पूर्ण ताकदीने राबवलं की ओबीएसला चित्र जुळवायला काही उरत नाही आणि रेकॉर्डिंग अडखळतं. हे सगळं शांतपणे ऐकून वडिलांनी विचारलं, "मग वरच्या ऐंशीचे पैसे दुकानदाराने परत दिले का?"

एन्कोडर फक्त बदललेलं लिहितो, हे कळल्यापासून चित्रगुप्ताची सृष्टीकडे बघण्याची नजर बदलते. निळं आकाश, कोरी भिंत, अंधारी गुहा या त्याच्या मते चांगल्या गोष्टी, कारण तिथे काही हलत नाही. गवत वाईट. वाऱ्यावर डोलणारं गवत फारच वाईट, कारण प्रत्येक पातं प्रत्येक फ्रेममध्ये नव्या जागी. पाऊस, धुरळा, पाण्यावरचं ऊन, ठिणग्या, उडणारा पाचोळा हे सगळे बिटरेट खाणारे राक्षस. ऐन जुलैत त्याला मित्रांनी राजमाचीला नेलं. ढग खाली उतरलेले, कड्यांवरून धबधबे, गुडघ्याएवढं हिरवं गवत वाऱ्याने एका अंगाला झुकलेलं. बाकीचे ओरडत होते, कणसं खात होते. हा बराच वेळ दरीकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "हे पन्नासमध्ये नाही मावणार. चौकोन चौकोन दिसतील."

बर्फाने तर त्याचा घातच केला. रेड डेड रिडेम्प्शन २ या गेमची सुरुवात बर्फाळ डोंगरात, हिमवादळात होते. साऱ्या पडद्यावर लाखो कण, एकही एका जागी नाही. चित्रगुप्ताने पहिलं रेकॉर्डिंग केलं, बघितलं, बर्फाचा चिखल झाला होता. सेटिंग बदललं, पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चिखल. खेळ २०१९ च्या नोव्हेंबरात पीसीवर आला, जगभरच्या पोरांनी तो संपवला, नायकाचं पुढे जे व्हायचं ते झालं, त्यावर रडून झालं. आमच्याकडे तो नायक, आर्थर मॉर्गन, अजून डोंगर उतरलेला नाही. तो घोड्यावर बसतो, दहा पावलं जातो, थांबतो, परत फिरतो. घोड्याला काय वाटत असेल.

ही सगळी चाचणी-रेकॉर्डिंगं एका फोल्डरमध्ये असतात. फोल्डरचं नाव 'टेस्ट'. आत 'टेस्ट नवीन', 'टेस्ट फायनल', 'टेस्ट फायनल खरं' आणि 'हेच'. 'हेच' ही फाइल उघडावी तर नायक एका झाडापुढे उभा राहून स्वतःभोवती हळूहळू फिरताना दिसतो. दोन मिनिटं. मग झाड. मग पुन्हा नायक. असे साठवलेले तास मोजले तर खेळलेल्या तासांना सहज मागे टाकतील. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला 'राजी' २०२० साली आला तेव्हा गाववाल्यांचा गेम म्हणून याने मोठ्या अभिमानाने विकत घेतला. छोटाच आहे, एका सुट्टीच्या दिवसात आटपतो. याची सुट्टी काळ्या रंगात गेली. म्हणजे गेमच्या अंधारात काळा हवा तसा काळा दिसत होता, रेकॉर्डिंगमध्ये मात्र राखाडी येत होता. संध्याकाळी कारण सापडलं, रंगांची पूर्ण आणि मर्यादित मापं एकमेकांशी जुळत नव्हती. ते जुळवलं आणि दमून झोपला. 'राजी कसा आहे?' असं विचारल्यावर तो म्हणतो, "काळा सुंदर आहे."

या मंडळींची आपापसांतली भाषा आकड्यांची. चित्राचा दर्जा ठरवणारं एक माप असतं, सीक्यूपी. आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. दोन चित्रगुप्त भेटले की मधुमेहींनी एकमेकांची साखर विचारावी तसे विचारतात, "तू कितीवर आहेस?" "मी अठरावर. तू?" "वीसवर आणलंय." "चांगलंय. मला वीस मानवत नाही." अठरातला आणि वीसमधला फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो का, असं मी एकदा विचारलं. दोघांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तसं माझ्याकडे शाळेत गणिताच्या मास्तरांनंतर कोणी पाहिलेलं नाही.

चित्र एकवेळ साधेल. चित्रगुप्ताचा खरा शत्रू म्हणजे आवाज, आणि हा शत्रू घरातलाच.

कुठल्यातरी व्हिडिओत बघून तो कंडेन्सर माइक आणतो. ज्या खोल्यांत ते व्हिडिओ होतात तिथे भिंतींना फोम लावलेला असतो आणि खिडकीबाहेर बर्फ पडत असतो. आपल्याकडे खिडकीबाहेर भंगारवाला असतो. कंडेन्सर माइक स्वभावानेच हळव्या कानाचा. त्याला भंगारवाला ऐकू येतो, वरच्या मजल्यावरची पाट्यावरची चटणी ऐकू येते, शेजारच्या मंडळाच्या गणपतीची आरती येते, कुकरच्या शिट्ट्या तर मोजता येतात. चित्रगुप्त खिडकी लावतो, भिंतीवर आजीची गोधडी टांगतो, ऐन मे महिन्यात पंखा बंद करतो आणि बनियनवर बसून, घामाघूम होऊन बोलायला लागतो. काय बोलतो? "हॅलो गाइज, वेलकम बॅक टू माय चॅनल." हा पहिलाच व्हिडिओ असतो. कोण कुठून परत आलं, देव जाणे.

मग तो नॉइझ गेट लावतो. नावाप्रमाणे ते एक फाटक. ठरावीक पातळीच्या खालचा आवाज आला की बंद, वरचा आला की उघडं. कल्पना उत्तम. फक्त चित्रगुप्त रात्री, घरच्यांची झोप मोडू नये म्हणून हळू बोलतो आणि आई जेवणाच्या वेळी स्वयंपाकघरातून, दोन भिंतींपलीकडून हाक मारते. परिणामी तयार झालेल्या व्हिडिओत निवेदक अवाक्षर काढत नाही. राक्षस येतो, तलवारी खणखणतात, आणि योग्य क्षणी फाटक उघडून स्पष्ट आवाज येतो, "अरे पानं वाढलीयेत, येतोयस का झाकून ठेवू?"

यावर उपाय म्हणून गोंगाट गाळणारं फिल्टर आलं. हे यंत्राने शिकून तयार झालेलं आहे. पंखा, मिक्सर, रस्त्यावरची वाहतूक हा कचरा आणि माणसाचं बोलणं हा ऐवज, एवढं त्याच्या डोक्यात पक्कं. चित्रगुप्ताने ते लावलं. पंखा गेला. मिक्सर गेला. कुकरची तिसरी शिट्टी कुठे विरली कळलंसुद्धा नाही. आईचा आवाज मात्र आसपासचा सगळा गाळ निघून गेल्यामुळे आकाशवाणीवरून यावा तसा लख्ख झाला.

शेवटचा डाव ट्रॅकांचा. ओबीएसमध्ये आवाजाचे सहा वेगवेगळे ट्रॅक ठेवता येतात. गेमचा आवाज एकावर, डिस्कॉर्डवरच्या मित्रांच्या शिव्या दुसऱ्यावर, आपला माइक तिसऱ्यावर. नंतर जे नको ते संपादनात गाळता येतं. मित्रांच्या शिव्या गाळल्या जातात, म्हणून चॅनल कौटुंबिक राहतं. पण आई माइकमधूनच येते, म्हणजे मुलाच्याच ट्रॅकवर. तिला काढायचं तर स्वतःलाही काढावं लागतं. सहा ट्रॅक देणाऱ्यांनी आईसाठी सातवा ठेवलेला नाही.

विजेचं थोडक्यात सांगतो. पूर्वी हे लोक एमपी४ मध्ये रेकॉर्ड करत. त्या फायलीत कुठे काय आहे याची अनुक्रमणिका सर्वांत शेवटी लिहिली जायची. मधेच वीज गेली की फाइल वीस जीबीची, पण उघडायची सोय नाही. आमच्या चित्रगुप्ताने एका खेळातला शेवटचा राजा तीन तासांच्या झुंजीनंतर लोळवला, आणि राजा पडायला आणि वीज जायला एकच गाठ पडली. राजा खरोखर मेला, पण पुरावा राहिला नाही. त्या रात्री त्याने एमकेव्हीची माळ गळ्यात घातली. एमकेव्हीत वीज गेली तरी तोवरचं सगळं शाबूत राहतं, नंतर मिनिटभरात त्याचं एमपी४ करून घेता येतं. हल्ली नव्या आवृत्तीत न बिघडणारं एमपी४ही आलं आहे. तो ऐकून घेतो आणि मान हलवतो. एकदा फसलेला माणूस. कुठल्या गुरुवारी पुण्यात पाणी नसतं हे त्याच्या आईला जसं पाठ, तशी महावितरणच्या देखभालीची वेळापत्रकं त्याला पाठ असतात.

एवढं होऊन कधीतरी, वर्षाकाठी एखाद्या वेळी, व्हिडिओ खरंच पुरा होतो. मग तो यूट्यूबवर चढवायचा. इथेही खुबी आहे. हजार-ऐंशीचा व्हिडिओ तसाच चढवला तर यूट्यूब त्याला साध्या पद्धतीने दाबून त्याचा रस काढतं. तोच ताणून चौदाशे-चाळीसचा केला तर यूट्यूब त्याला मोठ्या माणसांच्या रांगेत बसवतं, म्हणजे व्हीपी९ नावाच्या चांगल्या पद्धतीने दाबतं. म्हणून चित्रगुप्त फाइल ताणतो. ताणलेली फाइल रात्रभर चढत राहते. घरात कोणी सिरियल लावली तर 'नेट माझं आहे' म्हणून भांडण होतं. पहाटे व्हिडिओ प्रकाशित होतो. आणि दोन तासांत एक नोटीस येते, कारण नायक गाडीतून जाताना गाडीतला रेडिओ चालू होता आणि त्यावर एक खरंखुरं गाणं लागलं होतं. गाण्याच्या मालकाचा दावा. चित्रगुप्ताचं वर्षभराचं दुःख त्या एका नोटिशीत मावतं.

तरी एक प्रेक्षक येतोच. जिवलग मित्र. तो पीएमपीच्या बसच्या गर्दीत, दांड्याला लोंबकळत, डेटा वाचवायचा म्हणून तीनशे-साठवर व्हिडिओ लावतो, दीड मिनिट बघतो आणि लिहितो, 'भारी रे. फक्त थोडं धूसर दिसतंय.' पाठोपाठ दुसरा संदेश. 'ती मागे बोलतेय ती काकू ना? काय होतं जेवायला?'

मी या मुलाला वेडा म्हणत होतो, ते त्याच्या आजोबांची खोली बघेपर्यंत. आजोबांकडे स्पूलचा टेपरेकॉर्डर आहे. शनिवारी रात्री आकाशवाणीवर संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागायचा, तेव्हा रेडिओपुढे माइक ठेवून त्यांनी वर्षानुवर्षं गाणी उतरवून घेतली. कपाटभर चकत्या, प्रत्येकीवर बारीक अक्षरात राग, तारीख आणि टेप कितीच्या वेगाने फिरवली तो आकडा. ऐकल्या किती? "एकदा निवांत ऐकायच्यात," असं ते पन्नास वर्षं म्हणतायत. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद असायचा. खिडकी लावलेली. पोरांना दम दिलेला.

गेल्या दिवाळीत नातवाने यंत्राचा झिजलेला पट्टा बदलून आणला, वायर जोडली आणि चकत्या संगणकावर घ्यायला बसला. आजोबा शेजारी. दोघांच्याही माना डावीकडे, आकड्यांवर. पहिली चकती फिरली. आधी आजोबांचाच तरुण आवाज, "हॅलो, हॅलो, एक दोन तीन, येतोय का आवाज?" मग पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा तेच, वेगळ्या अंतरावरून. मग तंबोरे लागले, आलापी सुरू झाली, षड्जावर गायक स्थिरावले, आणि नेमकं त्याच क्षणी मागून कोणीतरी ठणठणीत म्हणालं, "अहो, पान वाढलंय! आमटी निवतेय!"

नातवाने काम थांबवलं. पट्टी मागे नेली, पुन्हा ऐकली, कपाळाला आठ्या घातल्या.

"आजोबा, वाईट बातमी आहे. गाणं आणि आजी एकाच ट्रॅकवर आहेत. आजीला काढता नाही येणार."

"तू नव्याने सांगू नकोस," आजोबा म्हणाले. "पन्नास वर्षं प्रयत्न करतोय."